डोंगार, हाटील आणि खोके: एका वाक्याचं आयुष्य

एखादा शब्द लोकांच्या तोंडी नेमका कधी चढला आणि कधी उतरला, हे सहसा सांगता येत नाही. ‘झकास’ १९८५ च्या ‘युद्ध’ सिनेमातून अनिल कपूरने देशभर पोचवला, पण मुंबईच्या गल्लीत तो पहिल्यांदा कोण म्हणालं, हे कोण सांगणार? ‘बिनधास्त’ एके काळी घरात म्हटलं तर मोठी माणसं डोळे वटारायची. तोच शब्द पुढे वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधी जाऊन बसला, याचीही नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे जन्म, चढ आणि उतार असं तिन्ही जवळजवळ तारखेनिशी सांगता येणारं एखादं वाक्य हाती लागलं, की ते उलटंपालटं करून बघावंसं वाटतं.

गेल्या काही वर्षांतलं असं वाक्य म्हणजे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’. सगळ्यांनी ऐकलेलं, बहुतेकांनी एकदा तरी म्हटलेलं आणि आता कुणी म्हटलं तर जरा शिळं वाटणारं. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, म्हणजे हे वाक्य जिथलं आहे त्या सांगोल्याच्या शेजारचा तालुका. त्यामुळे या प्रकरणात मी पूर्ण तटस्थ आहे असा दावा करत नाही.

फोन

२० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे शिवसेनेच्या काही आमदारांना घेऊन सुरतेला गेले. २२ तारखेच्या पहाटे मंडळी विमानाने गुवाहाटीला निघाली आणि तिथल्या रॅडिसन ब्लू हॉटेलात उतरली. पुढचा आठवडाभर आकड्यांचा खेळ चालू होता: आज किती आमदार तिकडे, किती इकडे. वाहिन्या दिवसरात्र बोलत होत्या, पण आत काय चाललंय हे कुणालाच धड माहीत नव्हतं.

अशात एक ध्वनिफीत बाहेर आली. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील आपल्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलत होते. बोलणं चांगलं लांबलचक होतं. आपण शिंद्यांच्या मागे का गेलो, याची कारणंही बापूंनी त्यात सविस्तर सांगितली होती. ती कारणं आज कुणाला विचारून बघा. एकही आठवणार नाही. आठवतं ते एवढंच, की तिकडे कसं काय आहे या चौकशीला त्यांनी झाडी, डोंगार, हाटील अशी यादी दिली आणि वर ‘ओक्के’चा शिक्का मारला.

हे कोण बोलतंय, तेही लक्षात घ्यायला हवं. सांगोला माणदेशातला. पाऊस कमी, पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडण, आणि तरीही माणसांनी जिद्दीने वाढवलेल्या डाळिंबाच्या बागा. गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेवर पाठवणारा हा मतदारसंघ. बापू त्यांच्यासमोर अनेकदा हरले आणि १९९५ मध्ये एकदा, तेही दोनशेहून कमी मतांनी, जिंकले. २०१९ ला गणपतराव उभे राहिले नाहीत, तेव्हा त्यांच्या नातवासमोर बापू पुन्हा निसटते निवडून आले. असा माणूस जूनमध्ये ब्रह्मपुत्रेकाठी जातो. खिडकीबाहेर हिरवेगार डोंगर. तो ‘काय झाडी’ म्हणणार नाही तर काय म्हणेल? पहिलं कौतुक झाडीचं आहे, हॉटेल तिसऱ्या नंबरावर येतं. दुष्काळी भागातल्या माणसाचा हा क्रम मला फार खरा वाटतो.

पण ऐकणाऱ्यांच्या कानावर ते वेगळ्या संदर्भात पडलं. त्याच दिवसांत आसामात पुराने हाहाकार केला होता. आमदारांची बडदास्त चाललेल्या त्याच हॉटेलबाहेर तृणमूल काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी निदर्शनंही केली होती. इकडे सरकार पडायला आलेलं. आणि या सगळ्यात एक आमदार सहलीला गेल्यासारखा डोंगराचं वर्णन करतोय. वाक्य भाबडं होतं आणि प्रसंग गंभीर होता, आणि लोकांना हसू आलं ते या दोन्हींच्या गाठीचं. कुणी सल्लागाराने लिहून दिलेलं वाक्य असतं तर ते दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं असतं.

ते तोंडात का बसलं

हा या प्रकरणाचा मला सगळ्यात आवडणारा भाग, म्हणून जरा रेंगाळते.

मराठीत ‘काय’ हा प्रश्न विचारायचा शब्द, आणि तोच थक्क व्हायचाही. ‘काय ती ऐट, काय तो थाट’ ही रचना आपल्या आज्यांच्या तोंडी होती. तीनदा ‘काय’ म्हटलं की वाक्याला आपोआप ठेका मिळतो. बापूंनी त्यातलं ‘ती’, ‘तो’, ‘ते’ गाळलं आणि ठेका आणखी घट्ट झाला: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. पुढे लोकांनी नक्कल करताना पुष्कळदा ‘काय ती झाडी, काय तो डोंगार’ असं सर्वनाम घुसवलं. म्हणून बघा, लगेच ढिलं पडतं.

‘डोंगार’ आणि ‘हाटील’ हे त्या भागातले रोजचे उच्चार. त्यात विनोद काहीच नाही. माझे मामा ‘हाटीलात च्या प्यालो’ असंच म्हणतात आणि तसं म्हटल्यावर कुणी हसत नाही. विनोद तयार झाला तो शहरी कानात. वृत्तवाहिन्यांवरच्या निवेदकांनी डोंगारातला ‘गा’ मुद्दाम लांबवून म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मला पहिल्यांदा किंचित खटकलं. एकाची बोली दुसऱ्याची गंमत होते, तेव्हा पहिल्याने हसायचं की नाही, हा जुना प्रश्न आहे. मराठी सिनेमा आणि तमाशा त्याच्यावर कित्येक दशकं पोट भरत आले आहेत. इथे एवढंच झालं की मामांनाही ते वाक्य आवडलं. त्यांना आवडलं ते वेगळ्या कारणाने: ‘आपला माणूस टीव्हीवर आपल्यासारखा बोलला’.

मग ‘ओक्के’. मराठीत जोर द्यायचा असला की आपण व्यंजनावर पाय देतो: मोठं होतं मोठ्ठं, सगळं होतं सग्गळं. परक्या ‘ओके’ला तसं ‘ओक्के’ केलं की तो घरचा होतो. याच वाक्याचा आणखी एक अवतार फिरला, ‘समदं ओक्केमदी हाय’. तो तर मला व्याकरणाच्या दृष्टीने दागिना वाटतो. ओकेच्या ‘मध्ये’ असणं ही काय भानगड? नीट बघितलं तर मराठी माणूस सुखात असला की तो नेहमी कशाच्या तरी आत असतो. आपण मजेत असतो, थाटात राहतो, झोकात चालतो, टेचात बोलतो. सुख ही आपल्याकडे जागा आहे, तिच्यात शिरायचं असतं. ‘ओक्केत’ म्हटलं तर जीभ अडखळते, म्हणून ‘ओक्केमदी’. शब्द परका, पण त्याला राहायला दिलेली खोली अस्सल मराठी.

शेवटची गोष्ट म्हणजे वाक्य रिकाम्या डब्यांच्या उतरंडीसारखं होतं. तीन नामं काढा, आपली तीन घाला. काय भाकरी, काय ठेचा, काय कांदा… ओक्के. मूळ प्रसंग माहीत नसलेल्या पोरालाही ते वापरता येत होतं. वापरायला माहिती लागत नाही, हा कुठल्याही चालत्या वाक्याचा सगळ्यात मोठा गुण.

पावसाळा

याचा फारसा कुणी विचार केलेला दिसत नाही, पण वेळ विलक्षण जमून आली होती. जूनचा शेवट म्हणजे महाराष्ट्रात वर्षासहलीची सुरुवात. ताम्हिणी, माळशेज, भंडारदरा, आंबोली. दर शनिवार-रविवारी हजारो लोक डोंगरात जातात, धबधब्याखाली उभे राहून चित्रफीत काढतात, आणि तिच्याखाली काय लिहायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्या वर्षी उत्तर तयार होतं. झाडी होती, डोंगार होता, भजी मिळणारं हाटीलही होतं.

जुलैत ते वाक्य सगळीकडे होतं. त्याची गाणी झाली, डीजेवाल्यांनी त्यावर ठेका चढवला, रील निघाल्या, टी-शर्टावर छापून आलं. आमच्या घराच्या व्हॉट्सॲप गटात एका आत्याने स्वतःच्या गॅलरीतल्या कुंड्यांचा फोटो टाकून ‘काय झाडी’ लिहिलं. तिच्या नातवाने त्यावर हसणारे चेहरे टाकले. माझ्या हिशेबाने वाक्याचा कळस याच आसपास झाला, कारण त्यानंतर तो नातू ते वाक्य म्हणेना.

पोरांच्या बोलीचं हे जुनं गणित आहे. कॉलेजातला शब्द हा प्रवेशपत्रासारखा असतो. ‘फंडा’, ‘पकाव’, ‘कल्टी’, ‘सही’ हे शब्द जोवर फक्त त्यांचे होते, तोवर ते जपून वापरले गेले. वर्गातल्या सरांनी ‘काय रे, काय फंडा आहे तुझा’ म्हटलं की त्या दिवशी तो शब्द अर्धा मरतो. पण त्या शब्दांना एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जायला वर्षं लागायची. इथे आमदार, निवेदक, आत्या, नातू, रिक्षावाला सगळे एकाच पंधरवड्यात एकच वाक्य म्हणत होते. आतलं आणि बाहेरचं असा भेदच राहिला नाही. पुढे पसरायला माणूसच उरला नाही, तर वाक्य जाणार कुठे?

दुसरी अडचण मालकाची होती. बापू जातील तिथे लोक त्यांना ते वाक्य म्हणायला लावू लागले आणि बापूही मोकळ्या मनाने म्हणू लागले. त्यांना दोष देता येत नाही. ज्या नेत्याला तालुक्याबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, त्याला एका वाक्याने राज्यभर पोचवलं होतं. पण फोनवर सहज निघालेलं वाक्य आणि माईकसमोर फर्माईशीवर म्हटलेलं तेच वाक्य यांत फरक पडतोच. पहिल्यात त्यांना माहीत नव्हतं की आपण ऐकले जातोय. सगळी गोडी त्या न माहीत असण्यात होती.

खोके

दरम्यान सरकार बदललं होतं. २९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. १७ ऑगस्टला पावसाळी अधिवेशन सुरू झालं आणि विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी घोषणा दिली: ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’.

वाक्याचं शेपूट आता दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. झाडी गेली, डोंगार गेला, उरलं फक्त ओक्के, आणि त्याच्या आधी येऊन बसले खोके.

हा शब्द मात्र नवा नव्हता. मुंबईच्या गुन्हेगारी जगात लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणायची पद्धत जुनी. खंडणीच्या फोनवर आकडा उघड बोलायचा नसतो, म्हणून ही सांकेतिक भाषा. तिथून ती जमिनीच्या आणि इमारतींच्या व्यवहारांत उतरली, अंडरवर्ल्डवरच्या सिनेमांनी ती घराघरांत नेली. २०२२ पर्यंत मराठी माणसाला ‘खोका’ समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला वास होता, आणि तो वास सगळ्यांना ओळखीचा होता. एका आमदारामागे पन्नास कोटी, हा आरोप त्या एका शब्दात मावत होता. सत्ताधाऱ्यांनी तो फेटाळला, आणि सिद्ध असं काही झालेलं नाही. पण इथे आपण शब्दाची चौकशी करतोय, व्यवहाराची नाही.

घोषणेची बांधणी बघा. पन्नास खोके, एकदम ओक्के: दोन्ही अर्धे तोलाचे, यमक चोख, आणि चालताना पायाच्या ठेक्यावर म्हणता येईल असं. पन्नास हा आकडाही दुहेरी कामाचा होता, कारण अपक्ष धरून शिंद्यांसोबत गेलेले आमदारही पन्नासच मोजले जात. त्या वर्षी दहीहंडीला खुद्द मुख्यमंत्र्यांनी ठाण्यात आपण पन्नास थरांची हंडी फोडल्याचं सांगितलं होतं. एकच आकडा एकाच आठवड्यात एकाची शेखी आणि दुसऱ्याची शिवी म्हणून फिरत होता.

२४ ऑगस्टला याच पायऱ्यांवर घोषणा-प्रतिघोषणा होता होता सत्ताधारी आणि विरोधी आमदारांत धक्काबुक्की झाली. त्याच आठवड्यात बैलपोळा होता, आणि काही शेतकऱ्यांनी बैलांच्या अंगावर ‘५० खोके, एकदम ओक्के’ रंगवून मिरवणुकीत आणलं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर काय लिहितात, यावरून त्या सालची गावची चर्चा कळते. माझ्या दृष्टीने वर्तमानपत्राच्या मथळ्यापेक्षा हे प्रमाण वजनदार. तिथे जागा थोडी असते आणि रंग स्वतःच्या खिशातून आणावा लागतो.

५ ऑक्टोबरच्या दसरा मेळाव्यात उद्धव ठाकरेंनी ‘खोकासूर’ हा शब्द काढला. माझ्या नोंदीत या जागी मी ठळक खूण केली आहे. शब्द जिवंत आहे की नुसता गाजतोय, हे ओळखायची माझी एक साधी चाचणी आहे: त्याला पोरं होतात का? ‘खोके’ला झाली. खोकासूर झाला, खोकेबाज झाला, ‘खोके सरकार’ झालं, टोमण्यातले ‘खोकेवाले’ झाले. ‘काय झाडी’ला एकही झालं नाही. त्याच्या फक्त नकला झाल्या. त्या कितीही निघाल्या तरी शब्दाचं घर वाढत नाही.

आणि जिवंत शब्द मालकाचं ऐकत नाही. ऑक्टोबरात रवी राणा आणि बच्चू कडू या सत्ताधारी बाजूच्याच दोन आमदारांत वाद पेटला, कारण राणांनी कडूंवर गुवाहाटीला जाण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप केला. विरोधकांनी घडवलेलं हत्यार आता आतल्या भांडणात चाललं. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं आणि राणांनी शब्द मागे घेतले. पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०२३ ला, पन्नास खोक्यांचा उल्लेख असलेल्या एका रॅप गाण्यावरून गायकावर गुन्हाही दाखल झाला. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. नावाची गरजच राहिली नव्हती, इतका तो शब्द पक्का चिकटला होता.

उतार

‘काय झाडी’ नेमकं कधी संपलं? मला विचाराल तर दिवाळीला. सह्याद्री पिवळा पडायला लागतो, सहली किल्ल्यांकडे वळतात, आणि फोटोत झाडीच नसते. २६ नोव्हेंबरला मुख्यमंत्री आणि त्यांचे आमदार पुन्हा गुवाहाटीला कामाख्या देवीच्या दर्शनाला गेले. तोच गाव, तोच डोंगर, तीच माणसं. जूनमधलं वाक्य पुन्हा निघालं, पण ते जुन्या लग्नाच्या अल्बमसारखं. कुणी नवं काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी चाललं असतं असं वाटत नाही. आता सगळ्यांना माहीत होतं की फोन ऐकला जातो.

‘खोके’ जास्त टिकला, तरी त्यालाही उतार लागलाच. २ जुलै २०२३ ला अजित पवार आपल्या आमदारांसह सरकारात गेले आणि एका पक्षाच्या फुटीवर बेतलेली घोषणा दोन फुटींना पुरेना. पन्नास हा आकडा आता कुणाला लावायचा? पुढच्या वर्षी ‘लाडकी बहीण’ आली आणि सभांमधली भाषा पुन्हा बदलली. ‘खोका’ गेला तो घोषणा म्हणून. कोटी या अर्थाने तो आधी जिथे होता तिथे परत गेला, म्हणजे व्यवहाराच्या कुजबुजीत.

तुलनेला दुसरं एक वाक्य शेजारी ठेवावंसं वाटतं. २०१९ च्या उन्हाळी-पावसाळी राजकारणात देवेंद्र फडणवीसांचं ‘मी पुन्हा येईन’ आधी प्रचाराचं वाक्य होतं. निवडणुकीनंतर त्यांचं सरकार काही दिवसांत कोसळलं, तेव्हा ते चेष्टेचं झालं. परीक्षेत नापास झालेला, संपलेला दुधाचा टेम्पो, सोडून गेलेली मोलकरीण, सगळे ‘मी पुन्हा येईन’ म्हणू लागले. जुलै २०२२ मध्ये फडणवीसांनी विधानसभेत त्या चेष्टेची आठवण करून दिली, आणि ५ डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा तेच वाक्य समर्थकांनी सरळ अर्थाने मिरवलं. एकाच वाक्याला वचन, टवाळी आणि पुन्हा वचन असे तीन जन्म मिळाले. कारण त्याला भविष्यकाळ होता. ‘येईन’मध्ये पुढे काहीतरी व्हायचं बाकी असतं. ‘काय झाडी’त सगळं होऊन गेलेलं आहे, झाडी बघून झाली, ओक्के म्हणून झालं.

ओकेची स्वतःची गोष्ट

थोडं विषयांतर, पण ते टाळणं मला शक्य नाही.

‘ओके’ हा शब्दसुद्धा अशाच एका लाटेतून आलेला आहे. १८३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात वर्तमानपत्रवाल्यांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं करायचा नाद लागला होता. ‘ऑल करेक्ट’चं चुकीचं स्पेलिंग ‘ऑल’ला ओ आणि ‘करेक्ट’ला के लावून करायचं, आणि त्याचं लघुरूप ओ.के. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापलेलं सापडतं. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसून हा माग काढला. त्या लाटेत अशी बरीच आद्याक्षरं होती. बहुतेक सगळी वर्षा-दोन वर्षांत मेली.

ओ.के. वाचलं ते निवडणुकीमुळे. १८४० ला अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हटलं आणि ओ.के. नावाचे क्लब काढले. विरोधकांनी लगेच तीच दोन अक्षरं उलटी फिरवली: व्हॅन ब्युरेन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नाही, त्यांनीच हे शोधून काढलं, अशी टवाळी सुरू झाली. दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत शब्द सगळ्यांच्या कानावर गेला. व्हॅन ब्युरेन हरले. ओ.के. राहिला.

तो पुढे तारायंत्रातून, बंदरांतून, गोऱ्या साहेबाच्या टेबलावरून आपल्याकडे आला आणि ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ होऊन बसला. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकवर ते लिहायला बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजतात. ट्रक अजूनही ते मिरवतात. आणि मग २०२२ ला एका पक्षफुटीत तो ‘ओक्के’ होऊन पुन्हा राजकारणात शिरला. आधी एका बाजूने हौसेने वापरला, मग दुसऱ्या बाजूने हिसकावून घेतला. एकशे ऐंशी वर्षांनंतर त्याच शब्दावर तीच ओढाताण झाली.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत शहाजीबापू सांगोल्यातून सुमारे पंचवीस हजार मतांनी हरले. जागा गणपतरावांच्याच घराण्यात, त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांच्याकडे आणि शेतकरी कामगार पक्षाकडे परत गेली. निकालाच्या दिवशी समाजमाध्यमांवर त्या वाक्याच्या उलट्या आवृत्त्या फिरल्या. झाडी, डोंगार, हाटील यांच्या जागी आणखी काही घालून. मीही दोन-चार वाचल्या. हसू आलं नाही, आणि ते सहानुभूतीमुळे नव्हे. चावून चोथा झालेल्या उसासारखी चव होती.

गेल्या पावसाळ्यात मामांना फोन केला होता. ज्वारीच्या रानाचं आणि पावसाचं विचारलं. ‘झाला की,’ म्हणाले, ‘औंदा लवकर झाला. समदं ओक्केमदी हाय.’ मी जरा थांबले. ते बापूंची नक्कल करत होते, की बापू त्यांच्यासारखे बोलले होते, हे मला काही ठरवता आलं नाही. विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी म्हशीचा विषय काढला.